आवाजाचं दातवाले बघतील

शोकसभेचं सगळं ठरलं होतं. हॉल मिळाला होता, फोटो मोठा करून आला होता, अध्यक्ष व्हायला मामा कुणी न विचारताच तयार झाले होते. राहता राहिला प्रश्न आवाजाचा.

"आवाजाचं दातवाले बघतील," सासूबाई म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्या माना दातवाल्यांकडे वळल्या.

दातवाले म्हणजे या घरचे जावई. दातांचे डॉक्टर. पण गेलेल्या सासऱ्यांच्या मते डॉक्टर म्हणजे जो नाडी बघतो तो. ज्याचं सगळं शिक्षण एका जबड्यात मावतं त्याला डॉक्टर म्हणणं, म्हणजे त्यांच्या भाषेत काटा मारणं होतं. सासरे वजनं-मापं तपासणारे सरकारी निरीक्षक. ते बाजारात शिरले की वाकडी तागडी आपोआप सरळ होते, असं लोक म्हणत. लग्नानंतर लगेचच त्यांनी जावयाला "काय दातवाले?" अशी हाक मारली, आणि ती घरभर चिकटली. आता हाक मारणारा गेला होता. हाक तेवढी राहिली होती.

हे काम त्यांच्याकडे येण्याचं कारण त्यांचा दवाखाना. तिथे खुर्चीशेजारी एक बारीक कॅमेरा होता. पेशंटला त्याचीच किडलेली दाढ पडद्यावर दाखवून घाबरवायला तो उपयोगी पडे. ज्याला दाढ पडद्यावर आणता येते त्याला सभा आणायला काय जड, असा घरच्यांचा हिशेब होता.

"अहो, नाही म्हणा," बायको कानाशी कुजबुजली. "तुम्हाला घरातला टीव्ही लावता येत नाही."

पण नाही म्हणायची सोय नव्हती. कारण प्रश्न दादाचा होता.

दादा म्हणजे सासूबाईंचा मुलगा, दूर देशी राहणारा. वडील गेल्याचा फोन आला तसा तो बॅग उचलून धावत सुटला, आणि अर्ध्या जिन्यातच कोसळला. मांडीपर्यंत प्लास्टर. वडिलांना पोहोचवायला निघालेला मुलगा स्वतःच स्ट्रेचरवर गेला. आता निदान सभेत तरी त्याला चार शब्द बोलता यावेत, एवढीच सासूबाईंची इच्छा होती.

"त्याचं बोलणं तेवढं सगळ्यांना ऐकू यायला हवं," त्या म्हणाल्या. "बाकीचं नाही जमलं तरी चालेल."

तेव्हा दातवाल्यांनी मनावर घेतलं. ज्या माणसाला सासऱ्यांनी कधी एक बरा शब्द ऐकवला नाही, तो आता त्यांच्याबद्दल सगळ्यांनी बोललेले बरे शब्द जगभर पोहोचवणार होता.

काम सोपं नव्हतं. हॉलमधला माईक, दादाचा कॉल आणि मधूनमधून मंद बासरी, असे तीन आवाज. ते जायचे तीन ठिकाणी: हॉलच्या स्पीकरवर, घरबसल्या सभा बघणाऱ्या नातेवाइकांच्या थेट प्रक्षेपणावर, आणि परत दादाच्या कानात. त्यात दादाचा आवाज दादालाच परत गेला की त्याचा प्रतिध्वनी होई. पहिल्या चाचणीत तो वैतागून म्हणाला होता, "दातवाले, मीच माझ्या मागे मागे बोलत येतोय असं वाटतंय. बंद करा ते."

म्हणून मग मिक्सर आला. मिक्सर म्हटल्यावर सासूबाईंची नजर ओट्याकडे गेली. पण दुःखाच्या घरात प्रश्न कमी विचारावेत म्हणून त्या गप्प राहिल्या. हा मिक्सर संगणकातच राहणारा होता. हात लावायला काही नाही, नुसतं पडद्यावरचं चित्र: प्रत्येक आवाजाची एक उभी पट्टी, आणि पट्टीखाली तो आवाज कुठे सोडायचा त्याची बटणं.

"नळाच्या तोट्यांसारखं आहे," दातवाल्यांनी बायकोला समजावलं. "तीन टाक्या, तीन नळ. कुठलं पाणी कुठल्या नळाला, ते आपण ठरवायचं."

"आपल्या बाथरूममध्ये गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येतं," बायको म्हणाली. "तो तुम्हीच जोडला होता."

दातवाल्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याचं दार लोटून ते सराव करत. दादालाही त्यांनी पढवून ठेवलं.

"दादा, तुझी पाळी येईपर्यंत तुझा आवाज मी बंद ठेवणार. तू तिकडे काहीही बोल, खोक, शिंक. इकडे कुणाला ऐकू येणार नाही. तुला मात्र सभेतलं सगळं ऐकू येईल."

"नक्की ना?"

"दादा, मी आहे ना."

सभेच्या दिवशी दुपार कलल्यावर लोक येऊ लागले. इमारतीच्या तळमजल्यावरचा तो हॉल म्हणजे मुळातच शोकसभेसाठी बांधल्यासारखा. खिडक्या उंच, उजेड मरतुकडा, भिंतींना ओलीचे डाग. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर सासऱ्यांचा फोटो होता; एक भुवई किंचित वर, समोरच्याचं माप कमी भरतंय असं बघणारा. त्यांच्या जाण्याने खरोखर कोण किती रडलं, हे सांगणं अवघड होतं. माणूस कर्तव्याचा होता, पण प्रेमाचं प्रमाणपत्र द्यायला त्याच्यापाशी शिक्काच नव्हता.

सभा सुरू होण्याच्या बेताला स्पीकर गुणगुणू लागला. भुंगा अडकल्यासारखा घूंऽऽ असा आवाज. लोक आधी तो दुःखाचाच भाग समजले. पण मामांनी माईकवरून फर्मावलं, "दातवाले, ते घरघरणं बंद करा. मला बोलायचंय."

दातवाल्यांनी संगणकातून स्पीकरकडे जाणारी वायर उपसली आणि पुन्हा खोचली. घरघर थांबली. त्यांना वाटलं, जिंकलो. पण त्या एका क्षणात मिक्सरला वाटलं, की आपलं एक ठिकाण नाहीसं झालं. त्याने शहाणपणाने बाकीची ठिकाणं सरकवून घेतली, आणि वायर परत आल्यावर ज्याला जिथे जागा मिळाली तिथे ते बसलं. लग्नाच्या पंगतीत एक पाहुणा उठला की सगळे सरकून घेतात, तसं. पडद्यावरची नावं मात्र जुन्याच जागी होती.

परिणामी बासरी निघाली ती एकटीच प्रक्षेपणावर. हॉलमधलं काहीही दादाला जाईना. आणि दादाचा आवाज, जो पाळी येईपर्यंत बंद राहायचा होता, तो थेट हॉलच्या स्पीकरला जाऊन मिळाला. माईक तेवढा सरकून पुन्हा हॉलच्या स्पीकरवरच येऊन बसला होता, त्यामुळे मामा हॉलमध्ये नेहमीसारखे ऐकू येत होते.

दातवाल्यांनी कानांवर प्रक्षेपण ऐकायचा हेडफोन चढवला. त्यात गोड बासरी वाजत होती. त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

मामांनी घसा साफ केला. "बंधुभगिनींनो, आमचे भावजी गेले. काय सांगू त्यांच्याबद्दल? लोण्यासारखा मऊ स्वभाव!"

"छे! खोटं वाटतंय हे," स्पीकरमधून आवाज आला.

हॉल गारठला. दादाचा आवाज हुबेहूब वडिलांचा. फोनवर सख्खे लोकही फसत. त्यात दोन्ही स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना. फोटोतली भुवई होती त्याहून थोडी वर गेल्याचा भास अनेकांना झाला. पहिल्या रांगेतल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या.

मामांनी फोटोकडे बघितलं आणि सुधारणा केली. "म्हणजे... वरून कडक, पण आतून मऊ. नारळासारखे."

"नारळ नको," आवाज म्हणाला. "सगळेच नारळ म्हणतात."

"त्यांनी उभ्या आयुष्यात," मामांचा आवाज आता कापत होता, "कधी कुणाचं मन दुखावलं नाही."

"कोण विश्वास ठेवेल यावर?"

"बरोबर आहे," तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा दुकानदार बोलून गेला. त्याचा तराजू सासऱ्यांनी एकदा भर बाजारात जप्त केला होता.

एवढ्यात स्पीकरमधून बाईचा आवाज आला, "अरे, लिहिलंयस तेच वाच ना सरळ. किती खोडशील?" आणि हॉलभर सुस्कारे सुटले. वहिनीचा आवाज होता तो. म्हणजे भूत नव्हतं. दादा तिकडे बसून आपलं भाषण घासत होता.

भूत नाही म्हटल्यावर मामांची भीती गेली आणि अपमान जागा झाला. "अरे," ते फोटोकडे बघूनच गरजले, "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, एवढंही शिकवलं नाही का तुला?"

"हा भाग काढूनच टाकतो," दादा म्हणाला. "फार लांबलंय. लोक कंटाळतील."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच रुमालात रडल्यासारखं केलं. मग ते रुमाल रांगारांगांतून पुढे सरकत आले. मामा खाली बसले.

बायकोने धावत येऊन दातवाल्यांच्या कानावरचा हेडफोन ओढला. "अहो, बासरी कसली ऐकताय? दादा बोलतोय! सगळ्यांसमोर! बंद करा!"

दातवाल्यांनी 'दादा' लिहिलेली पट्टी खाली ओढली. समोर मामांनंतर बोलायला उभ्या राहिलेल्या गृहस्थांचा माईक गेला. ती वर केली, 'माईक' खाली ओढली. कुठे काहीच झालं नाही. 'बासरी' दाबली, तर घूंऽऽ करत भुंगा परत आला. घाईघाईने सगळं होतं तसं करून ठेवल्यावर भुंगा गेला, दादा राहिला.

"कॉलच तोडतो," ते घामाघूम होऊन म्हणाले.

"वेडे आहात का? तोडलात तर तो विचारेल का तोडला. काय सांगणार?"

"मग वायर काढतो."

त्यांचा हात वायरपर्यंत पोहोचला होता. तेवढ्यात स्पीकरमधून कागद चुरगळल्याचा आवाज आला, आणि मग दादा म्हणाला, "नाही जमत गं मला."

"काय नाही जमत?"

"बाबांबद्दल बोलायचं. काय सांगू? मी त्यांच्याशी बोललो तरी काय आयुष्यात? दर रविवारी मी फोन करायचो. ते उचलायचे. 'तिकडे किती वाजले?' मी सांगायचो. 'बरं. आईला देतो.' संपलं. इतकी वर्षं, दर रविवारी. तिकडे किती वाजले."

हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा हलवत नव्हतं.

"मला राग यायचा गं. वाटायचं, या माणसाला दुसरं काही विचारायचंच नाहीये. गुंजभर कमी भरलं तर दुकानदाराला सोडायचे नाहीत, त्यांना वेळेतला फरक माहीत नसेल? आठवडाभर ते हिशेब करून बसत असतील. माहीत असूनही विचारायचे. त्यांना माझा आवाज ऐकायचा असेल, आणि विचारायला सुचत नसेल काही." चुरगळलेला कागद पुन्हा उलगडल्याचा आवाज आला. "आणि मला तरी कुठे सुचायचं? मीही वेळ सांगून गप्प बसायचो. या रविवारी फोन हातात घेऊन बसलो होतो. मग लक्षात आलं, आता विचारणारं कुणी नाही."

"मला सांग," वहिनी म्हणाली.

"काय?"

"किती वाजले?"

दादाने वेळ सांगितली. सांगताना त्याचा आवाज मधेच फुटला, आणि मग त्या ओल्या भिंतींच्या हॉलमध्ये दूरदेशीचा एक मोठा माणूस लहान मुलासारखा रडताना ऐकू आला.

दातवाल्यांचा हात वायरवर होता. त्या हातावर दुसरा हात येऊन पडला. सासूबाई कधी उठून मागे आल्या ते कुणी पाहिलं नव्हतं.

"राहू द्या, दातवाले," त्या म्हणाल्या. "त्याला रडू द्या. तिकडे आल्यागेल्यासमोर रडला नसेल तो."

तो म्हातारा दुकानदार चष्मा काढून पुसत होता. मामा फोटोकडे बघत नव्हते. जमिनीकडे बघत होते. सगळेच जमिनीकडे बघत होते, कारण दुसऱ्याच्या घरात दार न वाजवता शिरल्यासारखं सगळ्यांना झालं होतं आणि बाहेर पडावंसं कुणालाच वाटत नव्हतं.

तिकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. "चल," दादा म्हणाला. "जुनंच वाचतो. माझी पाळी येईलच आता. गंमत म्हणजे मला सभेतलं काहीच ऐकू येत नाहीये. अगदी शांत आहे तिकडे."

तेव्हा दातवाल्यांनी वायर उपसली आणि पुन्हा खोचली. सगळे पाहुणे पुन्हा सरकले, आणि या खेपेला दादा आणि हॉल आपापल्या पानावर येऊन बसले. मामा उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी प्रास्ताविक केलं नाही. "आता चिरंजीव बोलतील," एवढंच म्हणाले.

पडद्यावर दादा आला. दाढी केलेली, कोट घातलेला, डोळे लाल.

"माझा आवाज येतोय का?" त्याने विचारलं.

"येतोय! येतोय!" सगळा हॉल एका सुरात ओरडला. इतक्या जोरात, की दादा दचकला.

मग त्याने भाषण वाचलं. वडील शिस्तप्रिय होते, कर्तव्यदक्ष होते, त्यांची उणीव सदैव भासेल. चांगलं, सरळ, इस्त्रीचं भाषण होतं. लोकांनी माना खाली घालून ते ऐकून घेतलं आणि बायका मुसमुसल्या. भाषणाचा एवढा परिणाम झालेला पाहून दादा स्वतःच थोडा चकित झालेला दिसला.

सभा संपल्यावर कुणी कुणाला काही सांगितलं नाही, शपथ घातली नाही. तरी दादाला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे ठरल्यासारखं झालं. मामांच्या पोटात आजवर सुपारीसुद्धा टिकली नव्हती, पण तेही दारात थांबून दातवाल्यांना म्हणाले, "मी काही ऐकलेलं नाही. लक्षात ठेवा."

प्रक्षेपणाची आठवण दातवाल्यांना दुसऱ्या दिवशी झाली. त्यांनी ते लावून बघितलं. सगळी सभा दिसत होती: मामांचे हातवारे, उठलेल्या आजी, पुढे सरकणारे रुमाल, शेवटी कोटातला दादा. आणि सुरुवातीपासून अखेरपर्यंत फक्त बासरी. एक शब्द नाही. खाली नातेवाइकांनी लिहिलं होतं, "किती संयमी कार्यक्रम." "भाषणं ऐकवली नाहीत हे फार बरं केलंत." एका काकांनी बासरीवाला कुठे भेटेल म्हणून विचारलं होतं.

दादाने ते बघितल्यावर लगेच फोन केला. सासूबाई, मुलगी आणि जावई असे तिघे टेबलापाशी बसले होते. फोन मध्ये, स्पीकरवर.

"दातवाले, एक काम होतं हो तुमच्याकडे. एक! मला येता आलं नाही. खांदा देता आला नाही. एक भाषण केलं, तर तेही तुम्ही ठेवलं नाहीत? मी काय नुसता तोंड हलवताना दिसणार जन्मभर?"

"चुकलं, दादा," दातवाले म्हणाले.

"'मी आहे ना' म्हणाला होतात."

"हो. म्हणालो होतो."

बायकोच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण दातवाल्यांनी मानेनेच नको म्हटलं. मामांचा फोन सकाळीच येऊन गेला होता. त्यांच्याही भाषणाची बासरी झाली होती आणि ते आता या घरी पाणीसुद्धा पिणार नव्हते. एकाचं ऐकलं तिथे दुसऱ्याचं.

"जाऊ दे रे," सासूबाई मध्ये पडल्या. "आम्ही ऐकलं ना तुझं बोलणं. हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकलं."

"तुला आवडलं का, आई?" दादाचा आवाज खाली आला.

"आवडलं तर. पण पहिलं जास्त चांगलं होतं."

म्हणून झाल्यावर सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. दातवाल्यांनी डोळे मिटले.



"पहिलं?" दादा म्हणाला. "पहिलं कुठलं?"

बायको सासूबाईंकडे बघू लागली.

"आई? कुठलं पहिलं?"

"ते... वेळेचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे. वजनं तपासणाऱ्याच्या घरात तो सरावच झाला नव्हता.

"सगळ्यांनी ऐकलं?"

"हो."

"मामांनी पण?"

"मामा तर तुला उत्तरं देत होते," बायकोला राहवेना. "तू त्यांचा नारळ काढून टाकलास दादा. भर सभेत."

पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला. आधी वाटलं पुन्हा रडतोय. मग कळलं, हसतोय. पण त्या दोन्हींत तेव्हा फारसं अंतर नव्हतं. पाठोपाठ हसता हसता प्लास्टर कशावर तरी आपटल्याचा आणि कळवळल्याचा आवाज आला.

"दातवाले," सावरल्यावर तो म्हणाला. आवाजात आता घबराट होती. "दातवाले, याचं रेकॉर्डिंग कुठे नाही ना?"

"नाही."

"प्रक्षेपणावर? काकांनी वगैरे ऐकलं?"

"नाही दादा. बासरी आहे फक्त."

"पहिल्यापासून?"

"शेवटपर्यंत."

दादाने एक मोठा श्वास सोडला. "दातवाले," तो म्हणाला, "फार चांगलं काम केलंत हो तुम्ही."

या घरात आल्यापासून दातवाल्यांना मिळालेली ही पहिली शाबासकी. ती कशाबद्दल मिळाली, हे मात्र बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती.